मुनिरकाहून पानिपतला, एका पिवळ्या ओढणीमागे

१७ डिसेंबर, मंगळवार

सोळा महिने या प्रवासाच्या ब्लॉगवर एक ओळ लिहिली नाही. ज्यांनी मधूनमधून "बरी आहेस ना?" असं विचारलं, त्यांना उत्तरंही दिली नाहीत. माफ करा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझा धाकटा भाऊ अमोल गेला. डेंग्यू झाला, सतरा दिवस आयसीयूत होता, आणि गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर मी कुठे गेलेच नाही असं नाही. पण "काय सुंदर सकाळ होती" असं लिहायला बसले, की माझाच माझ्या वाक्यावर विश्वास बसेना.

आजची नोंद फार लांबच्या प्रवासाची नाही. द्वारकेतल्या आमच्या घरापासून मुनिरका, आणि दुसऱ्या दिवशी पानिपत. दोन दिवस, सोबत बहात्तर वर्षांची आई. कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आम्ही मराठी ख्रिस्ती. बाबा नगरकडचे, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. दर डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या एका रविवारी, आमच्याकडे उपकारस्तुती असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चर्चच्या मंडळीतली पंचवीस-तीस माणसं घरी येतात, "सलाम, सलाम" करत दिवाणखान्यात दाटीवाटीने बसतात, गाणी होतात, चर्चचे पाळक बायबलमधून शास्त्रवाचन करतात, आणि मग घरातलं कुणीतरी उभं राहून देवाने काय केलं ते सांगतं. त्याला आम्ही साक्ष देणं म्हणतो. दुसऱ्यांच्या घरी दर वर्षी नवी साक्ष असते. आमच्याकडे सगळ्यात शेवटी नेहमी एकच जुनी गोष्ट असायची, आणि ती माझी होती.

मी आठ महिन्यांची असताना आई-बाबा मुनिरकात एका चौधरींच्या घरी एका खोलीत भाड्याने राहत. आईला दिल्लीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं, हिंदी मोडकंतोडकं. एका दुपारी मला ताप चढला, झटके आले, ओठ निळे पडले. बाबा ऑफिसात. आई अंगणात येऊन मराठीतच ओरडत सुटली. तेवढ्यात हनुवटीपर्यंत घूंघट ओढलेली, सोनेरी गोटा-फितीच्या किनारीची पिवळी ओढणी घेतलेली एक बाई आली, तिने आईच्या हातातून मला घेतलं आणि थेट बस स्टॉपकडे पळाली. आई मागे अनवाणी. बस सुटली. आई घरमालक चौधरींबरोबर रिक्षाने मागून पोचली, तेव्हा मी डॉक्टरांच्या हातात होते आणि ती बाई व्हरांड्यात उभी होती, घूंघट तसाच. सोबत चौधरींसारखं वडीलधारं माणूस, त्यामुळे ती तोंड उघडं करणार नव्हती की बोलणारही नव्हती. मान हलवून ती निघून गेली. अकरा दिवसांनी आई मला घेऊन परतली, तेव्हा चौधरींच्या गच्चीवर ती पिवळी ओढणी वाळत होती. म्हणजे ती त्यांची सून. बाबांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन हात जोडले. त्या नाताळापासून करंज्यांचा डबा चौधरींकडे जायला लागला आणि आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो तरी जात राहिला. बाबा गेल्यावर अमोल नेऊ लागला.

साक्षही बाबांनंतर अमोलच द्यायचा. आणि अमोलने दिलेली साक्ष म्हणजे काय सांगू! बाबांच्या गोष्टीत बस "वाटेत कुठेच थांबली नाही". अमोलच्या गोष्टीत ड्रायव्हर सिग्नल तोडत होता, कंडक्टर दारात लटकून लोकांना बाजूला हटवत होता. "अरे, अजून दोन वर्षांनी ती बस उडायला लागेल," असं मी म्हणायचे. तो म्हणायचा, "ताई, तू वाचलीस ना? मग गप्प बस."

गेल्या वर्षी उपकारस्तुती झाली नाही. करंज्याही झाल्या नाहीत. आईचे हात आता थरथरतात, म्हणजे करंज्या मलाच कराव्या लागणार होत्या, आणि मी नाही म्हटलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मुनिरकाला डबा गेला नाही.

या वर्षी नोव्हेंबरात आई म्हणाली, "नीलू, पंधरा तारखेचा रविवार पाळकसाहेबांना सांगितलाय. साक्ष तू द्यायचीस."

प्रार्थना मी करते, म्हणजे डोळे मिटते. पण अमोलसाठी आम्ही त्या सतरा दिवसांत ज्या शब्दांत मागितलं होतं, ते शब्द आता तोंडात येत नाहीत. मला वाचवलं आणि त्याला नाही. हे मनात ठेवून उभं राहायचं आणि उडणाऱ्या बसची गोष्ट सांगायची? मी आईला म्हटलं, "मला जे खरं माहीत आहे तेवढंच मी सांगेन. आधी मला त्या बाईंना भेटून नीट विचारू दे."

हे म्हणताना मला प्रामाणिक वाटत होतं. आता वाटतं, अर्धा प्रामाणिकपणा होता आणि अर्धी पळवाट. गोष्टीत कुठे भोक सापडलं तर उभं राहायची गरज उरणार नव्हती.

आई म्हणाली, "चलो, मग मीपण येते. रिकाम्या हाताने जायचं नाही मात्र."

शुक्रवार, मुनिरका

द्वारकेहून ब्लू लाइनने जनकपुरी पश्चिम, तिथे मजेंटा लाइन, आणि तीच थेट मुनिरकाला सोडते. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर जनकपुरीला सरकत्या जिन्यांच्या नादी लागू नका, लिफ्ट शोधा. लाइन बदलायला बरंच खोल उतरावं लागतं. अकराच्या सुमारास निघालात तर बसायला जागा मिळते. धुरकं इतकं होतं की स्टेशनबाहेर आल्यावर समोरच्या इमारतींचे वरचे मजले दिसत नव्हते. मास्क न्या.

वाटेत आईने तिळाची गजक घेतली. "करंज्या नाहीत तर निदान हे."

ज्या मुनिरकात आईने ओरडून मदत मागितली, ते गाव आता पाच-पाच मजली घरांनी इतकं दाटलंय की गल्लीत वर पाहिलं तर आभाळापेक्षा वायरी जास्त दिसतात. भाड्याच्या खोल्यांतून सगळीकडे विद्यार्थी. ईशान्येकडच्या राज्यांतल्या मुलामुलींमुळे इथे जेवण फार छान मिळतं. एका खोलीएवढ्या जागेत बांबूच्या कोंबांची भाजी आणि भात खाल्ला, दोघींचं पोट भरून दोनशेच्या आत. आईने "जरा आंबूस आहे, पण आपल्या अंबाडीसारखं" असा निकाल दिला आणि सगळं संपवलं.

चौधरींचं घरही आता पाच मजली आहे. खाली बिमलाजी राहतात. त्याच त्या सूनबाई, आता पासष्टीच्या. घूंघट कधीच सुटला, सलवार-कमीजवर जाड स्वेटर, हातात भाडेकरूंच्या किल्ल्यांचा जुडगा. आईला बघून उठल्याच. "अरे भाभीजी! पिछले साल कोई आया नहीं!"

आईने अमोलचं सांगितलं. बिमलाजी खाली बसल्या आणि बराच वेळ आईचा हात धरून राहिल्या. "कितना हँसता था. हर बार बोलता, आंटी, आपकी बस का हॉर्न आज भी सुनाई देता है." मग चहा आला, मठरी आली. वातावरण असं होतं की प्रश्न विचारायची मलाच लाज वाटू लागली. पण मी त्यासाठीच आले होते. डायरी काढली.

"आंटी, उस दिन आप मुझे लेकर गईं, तो बस सीधी अस्पताल पर ही रुकी थी क्या? और आप अंदर किसके पास ले गई थीं?"

बिमलाजींनी चहाचा कप खाली ठेवला. किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"भाभीजी, मैं तो गई ही ना थी."

आई म्हणाली, "क्या?"

"ओढ़नी मेरी थी. जाने वाली संतोष थी. पीछे वाली कोठरी में किराए पे थी ना, पानीपत वाली? उसकी अपनी फटी हुई थी, ससुरजी के सामने शरम आती थी उसे, तो मैंने अपनी दे रखी थी. तुम लोग अस्पताल में थे, तभी उसके आदमी को पानीपत में मिल का काम मिल गया. जाते-जाते ओढ़नी मुझे लौटा गई."

(इकडे संतोष हे बायकांचंही नाव असतं, हे दिल्लीबाहेरच्या वाचकांसाठी.)

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि राग आला. मी म्हटलं, "तो इतने साल आपने बताया क्यों नहीं?"

"कैसे बताती? भाईसाहब पहली बार आए, हाथ जोड़ के सास को बोले, आपकी बहू ने हमारी बेटी बचाई. सास फूल के कुप्पा! बड़े दिन पे डिब्बा आया, वो भी रख लिया. मैं घूंघट में, सास के सामने कैसे बोलूँ? अगले साल फिर आ गए. फिर सास नहीं रही, तो सोचा अब बोलूँगी. पर भाईसाहब हर बार यहाँ, इसी जगह, दो मिनट आँख बंद करके खड़े रहते थे. आदमी भगवान से बात कर रहा हो, उसके बीच में मैं बोलूँ कि घर गलत है?" मग अगदी हळू आवाजात: "और गुजिया भी अच्छी होती थी."

आमच्या करंज्यांना त्या पहिल्यापासून गुजिया म्हणत.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं होतं ती कोसळेल. शेहेचाळीस वर्षं या दारात येऊन जी आठवण उभी केली, ती चुकीच्या दारात! पण आई खाली मान घालून गजकेच्या पुडीचा दोरा सोडवत होती. तिने एक तुकडा मोडून बिमलाजींना दिला, एक स्वतः घेतला आणि विचारलं, "संतोष अब कहाँ है?"

पत्ता बिमलाजींकडे होता. त्यांची चुलत बहीण पानिपतला त्याच मोहल्ल्यात दिली आहे. म्हणजे इतकी वर्षं पत्ता होता. निरोप मात्र कधी पाठवला नव्हता. पाठवला असता तर करंज्यांचंही सांगावं लागलं असतं.

परतताना मेट्रोत मी फणफणत होते. "आई, बाबा आयुष्यभर चुकीच्या बाईचे आभार मानत राहिले. अमोलसुद्धा. आणि तू तिला गजक भरवतेस!"

"तिने फराळ खाल्ला गं, पाप नाही केलं."

"पण मग आपण आठवत काय होतो इतकी वर्षं?"

आई खिडकीकडे बघत राहिली. भुयारातून जाताना खिडकीत दुसरं काही दिसत नाही, फक्त आपलेच चेहरे. मग म्हणाली, "तू वाचलीस, हे आठवत होतो. ते खोटं आहे का? पत्ता चुकला होता, बस."

जनकपुरी आलं. उतरताना तिने माझा दंड धरला. "उद्या पानिपत. बिल्कुल लवकर निघू."

मला भोक सापडलं होतं, मागत होते तेवढं मोठं. पण आता थांबायची सोय राहिली नव्हती.

शनिवार, पानिपत

माझ्या नवऱ्याला, सुनीलला, मानेसरच्या कारखान्यात शनिवारीही ड्युटी असते. त्यामुळे गाडी नाही, बस. काश्मिरी गेटहून हरियाणा सरकारच्या बसगाड्या पहाटेपासून सुटतात, पानिपतपर्यंत धुकं नसेल तर दोन तास, आम्हाला तीन लागले. पुढच्या काचेतून बॉनेटच्या पलीकडे काही दिसत नव्हतं. डिसेंबरात जाणार असाल तर नऊच्या आधी निघू नका, हा आमच्या अनुभवाचा सल्ला. आईच्या घाईमुळे आम्ही सात वाजताच निघालो होतो. पराठ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं मुरथल वाटेत लागतं, पण सरकारी बस तिथे थांबेलच असं नाही. आमची थांबली नाही. लोण्याचा वास तेवढा आला. पराठे खायचे असतील तर स्वतःची गाडी न्या.

शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी आमचं मराठी ऐकून विचारलं, "मराठे? पानीपत? फिर से?" आणि स्वतःच खो खो हसले. आईने तिच्या हिंदीत उत्तर दिलं, "इस बार लड़ने नहीं, थैंक यू बोलने जा रहे हैं." अमोलला हे फार आवडलं असतं, असं दोघींच्याही मनात आलं असावं, कारण दोघी एकदमच खिडकीबाहेर बघायला लागलो.

पानिपतला उतरलं की पहिल्यांदा जाणवते ती हवेतली लव. जगभरातले जुने कपडे इथे येतात, पिंजले जातात, त्यांचं सूत होतं, त्या सुताच्या सतरंज्या आणि घोंगड्या. गटारांच्या कडेला निळे, लाल, जांभळे तंतू साचलेले. ई-रिक्षाच्या हँडललाही सूत गुंडाळलेलं. मराठी माणसं इथे येतात ती १७६१च्या रणभूमीवरचं स्मारक बघायला, मीही विचारलं, "आधी तिकडे जाऊन यायचं का?" मला तो क्षण लांबवायचा होता, हे आज कबूल करते. आई म्हणाली, "आधी माणूस. स्मारक कुठे पळतंय?"

घर सापडलं. खाली घोंगड्यांचे गठ्ठे, वर अरुंद जिना. सुनेने गच्चीवर नेलं. धुकं नुकतंच विरत होतं आणि कोवळ्या उन्हात खाटेवर एक बारीक बाई बसली होती. मांडीवर घोंगडी, काठाच्या सुट्या धाग्यांच्या झालरी वळून गाठी मारत होती. बोटं न बघता चालत होती.

आईने विचारलं, "आप संतोष? मुनिरका में रहती थीं? चौधरी के यहाँ?"

"हाँ जी. बहुत पुरानी बात हो गई." बोटं चालूच. "आप कौण?"

"पास में एक परिवार रहता था. छोटी बच्ची थी."

"हाँ, एक मद्रासन थी. हिंदी ना आती थी बेचारी को."

"मद्रासन नहीं," आई जवळजवळ चिडून म्हणाली, "मराठी! मैं ही हूँ."

बोटं थांबली. संतोषजींनी आईकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत, पायांपाशी परत येऊन थांबल्या. अनवाणी धावलेले ते पाय त्यांना आठवत असतील का, मला माहीत नाही. मग त्यांनी एकच शब्द विचारला.

"बच्ची?"

आईने माझ्या पाठीला हात लावून मला पुढे ढकललं, लहानपणी पाहुण्यांसमोर ढकलायची तसं.

मी शेहेचाळीस वर्षांची आहे. चष्मा आहे, कानापाशी केस पांढरे आहेत, पाठीवर सॅक होती. संतोषजींनी मला खाली वाकायला लावलं, हनुवटी धरली आणि चेहरा उन्हाकडे वळवला. "जी गई थी?"

"जी गई," आई म्हणाली.

"ये?"

"ये."

"इतनी बड़ी हो गई!" त्या म्हणाल्या, आणि मग ओढणी तोंडाला लावून हसायला लागल्या की रडायला, ते आधी समजेना.

त्यांना माहीतच नव्हतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून त्या गेल्या, आठवड्यात मुनिरका सुटलं, आणि मी जगले की नाही हे त्यांना शेहेचाळीस वर्षं कुणी सांगितलं नाही. मी विचारलं, कधी विचारपूस का केली नाही? त्यांनी माझा हात सोडला नव्हता. म्हणाल्या, "डर लगता था. ना पूछो तो जिंदा है."

मग त्यांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मुनिरकाला येण्याआधी त्यांचा मुलगा गेला होता, सात महिन्यांचा, तापानेच. सासू म्हणाली, पुरुष घरी येऊ देत, मग दवाखान्यात न्या. "मर्द शाम को आए." त्यामुळे माझ्या आईचा आवाज ऐकला तेव्हा त्यांनी कुणाची वाट बघितली नाही, कुणाला विचारलं नाही. "मेरा ना बचा था. इसलिए भागी."

आई म्हणाली, "मेरा भी गया. पिछले साल. इकतालीस का था."

संतोषजींनी घोंगडी बाजूला सरकवून खाटेवर जागा केली. आई बसली. दोघी तशाच बसून राहिल्या, खांद्याला खांदा लावून, उन्हाकडे तोंड करून. सोळा महिने आई माझ्यासमोर रडली नव्हती. मला वाटायचं तिचा विश्वास माझ्यापेक्षा भक्कम आहे म्हणून. ती एका अनोळखी बाईसमोर, पानिपतच्या गच्चीवर, मोकळेपणाने रडली. मी झालरीच्या गाठी मोजत बसले.

तिथे मला एक मोह झाला तो लिहून ठेवते. यांचं बाळ गेलं म्हणून मी वाचले, म्हणजे त्यात देवाची योजना होती, असं जुळवून टाकायचा. वाक्य जिभेवर आलंसुद्धा होतं. पण त्या बाईच्या समोर बसून ते म्हणवेना. त्यांच्या बाळाला कुणी माझ्यासाठी नेलं नव्हतं. तो गेला, ते वाईटच झालं. त्या वाईटानंतरही एका बाईला दुसरीच्या मुलासाठी पळावंसं वाटलं. मला दिसलं ते एवढंच; पण ते पुरेसं मोठं होतं.

चहा झाला. मग मी शेवटचा प्रश्न विचारलाच. "वो बस कहीं रुकी नहीं थी ना?"

"रुकी ना?" संतोषजी ताठ बसल्या. "हर स्टॉप पे रुकी मरी! एक जगह तो डरैवर उतर के बीड़ी ले आया! मैं चिल्लाऊँ, तो कंडक्टर बोले, टिकट? पैसे कहाँ थे मेरे पास? एक सरदारनी ने टिकट कटाया, अपने पानी से कपड़ा भिगो के तेरे माथे पे रखा. मैं सोचूँ, ये तो गई आज."

"फिर?"

"फिर के? पहुँच गए."

आई इतकी हसली की तिला खोकला आला. "अमोलची बस!" ती मराठीत म्हणाली, "बिडी आणायला थांबली होती!"

निघताना आईने उरलेली गजक दिली. संतोषजींनी लोणच्याची बरणी आणि एक घोंगडी दिली. किंमत विचारल्यावर त्यांनी असं काही बघितलं की पुन्हा विचारलं नाही. स्मारक राहिलं. परतीच्या बसमध्ये आई घोंगडी पांघरून माझ्या खांद्यावर झोपली. मी सोळा महिने एका न मिळालेल्या उत्तरापाशी अडून बसले होते, आणि त्याच वेळी इथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर एक बाई माझ्याबद्दल विचारायला घाबरत होती. हे दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

रविवार, घर

उपकारस्तुती झाली. सत्तावीस माणसं आली. मी कागद घेऊन उभी राहिले आणि कागद वाचला नाही.

मी सगळं सांगितलं. चुकीचं दार, पिवळी ओढणी, बिडीसाठी थांबलेली बस. पूर्वी लोक जिथे श्वास रोखायचे तिथे आता हसले. मग मी म्हटलं, "अमोलसाठीही आम्ही मागितलं होतं. तुम्हीही मागितलं होतंत. तो गेला. का गेला ते मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं मी बोलणार नाही. पण ज्या दिवशी मी वाचले, त्या दिवशी देव आमच्याबरोबर होता, हे मी तपासून आले आहे. बस हळू होती. सगळ्या स्टॉपवर थांबली. पोचली." एवढं बोलून बसले. आईने "आमेन" म्हटलं, नेहमीपेक्षा मोठ्याने. पाळकसाहेबांनी त्यावर भाष्य न करता थेट पुढचं गीत सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

घरी परतल्यावर काय राहिलं, असं मी इथे दर प्रवासानंतर लिहीत असे. या वेळी लिहिणं अवघड आहे. माझी प्रार्थना पूर्वीसारखी झालेली नाही. काल सकाळी एक वाक्य म्हणता आलं, आज दोन. मला भीती होती की आठवण तपासली तर ती ढासळेल आणि तिच्याबरोबर बाबा, अमोल, सगळंच खोटं ठरेल. तपासली, तर बाई वेगळी निघाली, बस मंद निघाली, आणि एक अनोळखी सरदारनी नव्याने सापडली जिचे आभार अजून कुणीच मानले नव्हते. बाबा डोळे मिटून ज्या दारात उभे राहायचे ते दार चुकलं होतं. ज्याच्याशी बोलत होते तो चुकला नव्हता, असं मला वाटतं. "वाटतं" हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. आईला तो ठेवावा लागत नाही.

आज दुपारी बिमलाजींचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. आधी पानिपतची सगळी हकीकत ऐकून घेतली, रडल्या, मग विचारलं, "तो भाभीजी, अब इस बार गुजिया का डिब्बा पानीपत जाएगा? अब हमारा तो हक ना रहा."

आईने फोन माझ्याकडून घेतला. "ओढ़नी किसकी थी?"

"मेरी."

"तो फिर? दोनों जगह जाएगा."

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षी मी नाही म्हटलं होतं, हे ती विसरलेली नाही. माझी मुलगी तन्वी तिथेच बसली होती, तिने विचारलं, "आजी, सारण म्हणजे करंजीचं फिलिंगच ना?" आणि आई तिला खसखस भाजण्यापासून सांगू लागली. मी उठून ओट्याखालचे डबे बघितले. बाबा मुनिरकाला न्यायचे तो स्टीलचा डबा सापडला. त्याच मापाचा आणखी एक निघाला.

उद्या: बारीक रवा आणणे, दोन डब्यांचा.